वाचकांचे प्रश्न : घरी जोडलेल्या संगणकाचे वायरलेस कार्ड बदलताना

सुटे भाग आणून घरीच संगणक जोडणाऱ्या वाचकांकडून अलीकडे जी पत्रे आली, त्यांतील बरीचशी एकाच भागाविषयी आहेत, आणि तो भाग म्हणजे वायरलेस कार्ड. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांची निवड लोक पुष्कळ चौकशी करून करतात. वायफाय आणि ब्लूटूथ यांचे कार्ड मात्र बोर्डासोबत जे आले ते तसेच ठेवतात. पुढे हेडफोन, प्रिंटर, गेमचा कंट्रोलर किंवा फोन यांच्याशी संगणकाचे जमेनासे झाले, की घाईने दुकानात जे मिळेल ते कार्ड विकत घेतले जाते. कार्ड बदलण्याचे काम तसे अर्ध्या तासाचे आहे. खरी काळजी घ्यायची ती त्याआधी, कार्ड निवडताना आणि दोष नेमका कुठे आहे हे ठरवताना. म्हणून या वेळी सगळे सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : २०२१ मध्ये मी एएमडीचा रायझेन प्रोसेसर आणि बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड घेऊन घरी संगणक जोडला. बोर्डावर इंटेल ३१६८ हे वायरलेस कार्ड आधीपासून बसवलेले होते. विंडोज आणि लिनक्सवर आधारलेली उबुंटू या दोन्ही प्रणाली मी वापरतो. वायफायवरून मोठी फाइल उतरवत असताना ब्लूटूथ हेडफोनचा आवाज तुटतो, कंट्रोलरचा संपर्क मध्येच सुटतो, आणि विंडोजमधून उबुंटूमध्ये गेल्यावर हेडफोन दर वेळी नव्याने पेअर करावा लागतो. ओळखीच्या दुकानात मला इंटेल एएक्स२०१ हे कार्ड स्वस्तात मिळते आहे. ते घ्यावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : एएक्स२०१ कितीही स्वस्त मिळत असले तरी घेऊ नये. ते आपल्या बोर्डावरच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसेल, त्याचा स्क्रूही लागेल, परंतु संगणक सुरू केल्यावर ते कुठेही दिसणार नाही. दुकानदार आपल्याला फसवत असेलच असे नाही. स्लॉटचा आकार जुळणे आणि स्लॉटमधून जाणारे संकेत जुळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे विक्रेत्यांपैकीही अनेकांच्या लक्षात येत नाही.

वायरलेस कार्डासाठी बोर्डावर जो स्लॉट असतो त्याला एम.२ की-ई असे म्हणतात. त्यात बसणारे कार्ड २२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब असते, म्हणून त्याच्या वर्णनात २२३० हा आकडा येतो. एसएसडीसाठी असलेला एम.२ स्लॉट दिसायला जवळजवळ तसाच असला तरी त्याची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे वायरलेस कार्ड तिथे बसत नाही आणि जोर लावून बसवूही नये. साध्या, स्वतंत्र कार्डात वायफायचा भाग पीसीआय एक्सप्रेसच्या वाहिन्यांवरून चालतो आणि ब्लूटूथचा भाग यूएसबी २.० च्या वाहिन्यांवरून. म्हणजे एकाच कार्डावर संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी उपकरणे असतात, आणि त्यांतले एक बंद पडून दुसरे चालू राहणे सहज शक्य असते. हे एवढे ध्यानात ठेवले तर वायरलेस कार्डांविषयीच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचा उलगडा होतो.

इंटेलने मात्र आपल्या प्रोसेसर आणि चिपसेटांसाठी (चिपसेट म्हणजे बोर्डावरचे भाग प्रोसेसरशी जोडणारी चिप) सीएनव्हीआय नावाची निराळी रचना आणली. तिच्यात वायरलेसचे बरेचसे काम चिपसेटच्या किंवा प्रोसेसरच्या आतच होते आणि स्लॉटमधल्या कार्डावर केवळ रेडिओचा भाग उरतो. एएमडीच्या बोर्डावर हा आतला अर्धा भाग नसतोच. तेव्हा तिथे असे कार्ड बसवणे म्हणजे जात्याची वरची तळी तेवढी घरी आणून दळायला बसण्यासारखे आहे. इंटेलची ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११, एएक्स४११ आणि बीई२०१ ही कार्डे या प्रकारातली आहेत, तर ९२६०, एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वतंत्र कार्डे आहेत. एएक्स मालिकेपुरती खूण अशी, की शेवटचा आकडा १ असेल तर ते कार्ड इंटेलच्या बोर्डासाठी समजावे. आणि इंटेलचा बोर्ड असला तरीसुद्धा त्याची पिढी त्या कार्डाशी जुळते का, हे बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच पैसे द्यावेत.

आता आपल्या तक्रारींकडे वळू. त्या एकत्र आल्या असल्या तरी त्यांची कारणे एक नाहीत. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये, म्हणजे लहरींच्या पट्ट्यात, चालते आणि वायफायही त्या बँडमध्ये चालू शकते. आपला संगणक वायफायच्या २.४ बँडवर जोडलेला असेल, तर मोठी फाइल उतरत असताना एकाच कार्डावरच्या या दोन भागांना आळीपाळीने बोलावे लागते आणि त्यात हेडफोनचा आवाज तुटतो. म्हणून कार्ड विकत घेण्यापूर्वी एक बिनखर्चाची चाचणी अवश्य करावी : राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला संगणक जोडावा आणि तीच फाइल पुन्हा उतरवून पाहावी. ३१६८ या कार्डाला ५ गिगाहर्ट्झचा बँड चालतो. आवाज तुटणे थांबले, तर आपल्याला नव्या कार्डाची तातडीने गरज नाही. राउटर दूर असल्यामुळे ५ गिगाहर्ट्झचा संकेत पोचतच नसेल, किंवा पोचूनही त्रास उरत असेल, तर कार्ड बदलण्याला अर्थ आहे. ३१६८ हे एकाच प्रवाहाचे कार्ड आहे, म्हणजे ते वायफायवर एका वेळी माहितीचा एकच प्रवाह पाठवते. ५ गिगाहर्ट्झवर त्याचा कागदोपत्री कमाल वेग ४३३ मेगाबिट प्रतिसेकंद आहे आणि त्यातले ब्लूटूथ ४.२ आवृत्तीचे आहे.

हेडफोन दर वेळी नव्याने पेअर करावा लागतो याचे कारण मात्र पूर्णपणे वेगळे आहे आणि ते कोणतेही कार्ड बसवले तरी जाणार नाही. दोन्ही प्रणाली एकच कार्ड वापरतात, म्हणून हेडफोनला दोन्हीकडून एकच ब्लूटूथ पत्ता दिसतो. परंतु पेअर करताना तयार होणारी गुप्त किल्ली प्रत्येक प्रणाली स्वतःपुरती साठवते. उबुंटूत पेअर केले की हेडफोन विंडोजची जुनी किल्ली टाकून देतो, आणि उलटही तसेच घडते. यावर उपाय असा, की आधी उबुंटूत पेअर करावे, मग विंडोजमध्ये पेअर करावे, आणि त्यानंतर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) साठवलेली ती किल्ली उबुंटूच्या ब्लूटूथ फोल्डरातील त्या हेडफोनच्या फाइलमध्ये हाताने लिहावी. काम थोडे किचकट आहे, पण एकदाच करावे लागते.

या सगळ्यानंतर कार्ड बदलायचेच ठरले, तर माझी शिफारस स्पष्टपणे एएक्स२१० ची आहे. हे स्वतंत्र कार्ड असल्यामुळे ते एएमडीच्या आणि इंटेलच्या दोन्ही बोर्डांवर चालते, दोन प्रवाहांचे आहे, आणि घरोघरी असलेल्या वायफाय ६ राउटरच्या ८० मेगाहर्ट्झ चॅनेलवर त्याचा जोडणीचा वेग १२०१ मेगाबिटपर्यंत जातो. आपल्यासारख्या दोन प्रणाली वापरणाऱ्याला त्याहून महत्त्वाचे असे, की लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्यात, या कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) ५.१० या आवृत्तीपासून आहे. उबुंटू २०.०४ च्या मूळ ५.४ कर्नलवर ते चालणार नाही, २२.०४ च्या ५.१५ वर चालेल. मीडियाटेकचे एमटी७९२१ हे कार्डही वाईट नाही, कर्नल ५.१२ पासून त्याला आधार आहे आणि एएमडीच्या नावाने विकले जाणारे आरझेड६०८ हे त्याचेच रूप आहे. रिअलटेकच्या ८८५२ मालिकेतील कार्डे स्वस्त मिळतात, परंतु उबुंटू २२.०४ च्या मूळ कर्नलमध्ये त्यांपैकी सगळ्यांचा ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर बाहेरून आणून प्रत्येक कर्नल अद्ययावत झाल्यावर पुन्हा बसवत राहणे ही कटकट मी कोणालाही सुचवणार नाही.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा की घरबसल्या मागवा, पावतीवर केवळ ‘वायफाय सिक्स कार्ड’ असे न लिहिता मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा. कार्ड बसवल्यावर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या तपशिलात हार्डवेअर आयडी पाहावा. खऱ्या एएक्स२१० मध्ये उत्पादकाचा क्रमांक ८०८६ आणि उपकरणाचा क्रमांक २७२५ असतो. एएक्स२०० असेल तर २७२३. वेष्टनावर एक नाव आणि आत दुसरेच कार्ड असा प्रकार या तपासणीत लगेच उघडा पडतो.

प्रत्यक्ष बदलताना संगणक बंद करून पॉवर सप्लायचे मागचे बटणही बंद करावे, कारण संगणक बंद दिसत असला तरी या स्लॉटमध्ये वीज येत राहू शकते. पुष्कळ बोर्डांवर हे कार्ड मागच्या पोर्टांपाशी पत्र्याच्या एका छोट्या डबीत उभे बसवलेले असते आणि त्या डबीचा स्क्रू कधी कधी बोर्डाच्या पाठीमागून असतो. तसे असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढावा लागतो, तेवढी तयारी ठेवावी. कार्डावरच्या दोन अँटेना वायरी सरळ वर उचलून काढाव्यात, वायर धरून ओढू नये. या जोडण्या इतक्या लहान असतात, की वाकड्या दाबल्या तर मधली पिन चेपते. म्हणून वायरीचे टोक आधी नेमके जागेवर टेकवावे आणि मग बोटाने किंवा प्लास्टिकच्या बोथट वस्तूने दाबावे. ‘टक्’ असा हलका आवाज आला की जोडणी झाली. जुन्या लॅपटॉपच्या मिनी पीसीआय कार्डाच्या वायरी इथे बसत नाहीत, त्यांचे टोक मोठे असते. नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा, अन्यथा इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे अशी अडचण होते. ऐनवेळी फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देता येते.

नव्या कार्डाचे पत्तेही नवे असतात. त्यामुळे ब्लूटूथची सगळी उपकरणे पुन्हा पेअर करावी लागतात, आणि राउटरमध्ये ठरावीक उपकरणांनाच प्रवेश ठेवला असेल किंवा संगणकासाठी आयपी पत्ता राखून ठेवला असेल, तर तिथेही नवा पत्ता नोंदवावा लागतो. शिवाय विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत राहते, आणि त्यानंतर उबुंटू सुरू केल्यास वायफाय सापडत नाही. चांगली कार्डे या कारणाने बिघडलेली समजून परत केली जातात, हे मला वाईट वाटण्यासारखे आहे.

प्रश्न : माझ्या बोर्डावर वायरलेस कार्डाचा स्लॉट नाही, म्हणून मी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारे एएक्स२१० कार्ड घेतले. वायफाय उत्तम चालते, परंतु ब्लूटूथ दिसतच नाही. ड्रायव्हर अनेकदा टाकून पाहिला. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : ड्रायव्हर टाकणे थांबवावे आणि कॅबिनेट उघडावे. वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे ब्लूटूथ यूएसबीवर चालते आणि पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये यूएसबीच्या वाहिन्या नसतात. म्हणूनच या कार्डांसोबत एक बारीक केबल दिलेली असते. तिचे एक टोक कार्डावर आणि दुसरे टोक मदरबोर्डाच्या खालच्या कडेला असलेल्या यूएसबी २.० च्या ९ पिनांच्या हेडरवर बसवायचे असते. या हेडरमध्ये दोन ओळी असतात आणि एका कोपऱ्यातली पिन नसते, त्यावरून केबलची दिशा कळते. शेजारचा १९ पिनांचा मोठा हेडर यूएसबी ३ चा असतो, तिथे ही केबल लागत नाही.

कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांनी हेडर आधीच व्यापला असेल तर आत बसवायचा छोटा यूएसबी हब मिळतो, तो घ्यावा. केबल जोडूनही ब्लूटूथ दिसले नाही, तर पॉवर सप्लाय मागून बंद करून काही क्षण संगणकाचे पॉवर बटण दाबून धरावे. अडकलेला ब्लूटूथचा भाग वीज पूर्ण तुटल्यावरच नव्याने सुरू होतो, नुसत्या रीस्टार्टने होत नाही.

आपल्या भागात जांभ्याच्या जाड भिंतींची घरे पुष्कळ आहेत, म्हणून एक सूचना जोडतो. कार्डाच्या मागे थेट लावलेल्या अँटेना पत्र्याच्या कॅबिनेटच्या आडोशाला, भिंतीला टेकून राहतात. तारेवर बसवलेली, टेबलावर ठेवता येणारी अँटेना घेतली तर ५ गिगाहर्ट्झच्या संकेतात आणि ब्लूटूथच्या टप्प्यातही स्पष्ट फरक पडतो. दोन्ही वायरी जोडाव्यात, एकीवर काम भागवू नये.

प्रश्न : नवे कार्ड बसवल्यापासून इंटरनेट वेगवान झाले, पण आमचा जुना वायफाय प्रिंटर संगणकाला सापडत नाही. फोनवरून मात्र छापता येते. कार्ड आणि प्रिंटर यांचे जमत नाही असे समजायचे का? — एक वाचिका, सांगली

उत्तर : तसे समजण्याचे कारण नाही. संगणकाचे कार्ड आणि प्रिंटर एकमेकांशी थेट बोलत नाहीत. दोघेही राउटरशी बोलतात आणि राउटर निरोप पोचवतो. प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर आणि संगणक ५ गिगाहर्ट्झवर असला तरी दोन्ही बँड एकाच घरगुती नेटवर्कचे भाग असतात, त्यामुळे छपाईत अडथळा येत नाही.

सर्वांत संभाव्य कारण विंडोजमध्ये आहे. कार्ड बदलल्यावर विंडोजने आपले घरचे वायफाय नवे नेटवर्क म्हणून नोंदवलेले असणार, आणि नव्या नेटवर्कला ते ‘पब्लिक’ समजते, म्हणजे शेजारच्या उपकरणांपासून संगणक लपवून ठेवते. सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन ते ‘प्रायव्हेट’ करावे आणि प्रिंटर पुन्हा शोधावा. तरीही सापडला नाही तर संगणक राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कला तर जोडलेला नाही ना, हे पाहावे. गेस्ट नेटवर्कवरची उपकरणे घरातल्या इतर उपकरणांपर्यंत पोचू शकत नाहीत. अनेक घरांत इंटरनेट कंपनीने दिलेले एक यंत्र असते आणि त्यापुढे आपण घेतलेला दुसरा राउटर असतो. दोन्ही वायफाय पुरवत असतील, तर प्रिंटर एकाच्या आणि संगणक दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये गेलेला असू शकतो. फोनवरून छापता येते, याचा अर्थ फोन प्रिंटरच्या बाजूला आहे. तेव्हा फोन ज्या नावाच्या वायफायला जोडलेला आहे, त्यालाच संगणक जोडून पाहावा. एका मिनिटात उत्तर मिळेल.

पुढे राउटर बदलाल तेव्हा सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए३ (वायफायच्या पासवर्ड-सुरक्षेची नवी पद्धत) असा ठेवू नये. जुन्या प्रिंटरांना ते समजत नाही आणि ते जोडलेच जात नाहीत; डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र चालवण्याची सोय बहुतेक नव्या राउटरांत असते. घरात एखादा जुना लॅपटॉप असेल आणि वायफाय ६ चा राउटर आल्यावर त्याला नेटवर्कचे नावच दिसेनासे झाले, तर तिथेही कार्ड बदलण्याआधी ड्रायव्हर अद्ययावत करावा. इंटेलच्या जुन्या कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरांना वायफाय ६ ची नेटवर्के दिसत नव्हती आणि नव्या ड्रायव्हरांत हा दोष दूर झाला आहे.

प्रश्न : मी ऑनलाइन शिकवण्या घेते. ब्लूटूथ इअरफोनवर गाणी छान ऐकू येतात, पण वर्ग सुरू होताच आवाज दबका आणि बोथट होतो. अधिक चांगले कार्ड घेतले तर फरक पडेल का? — एक शिक्षिका, पुणे

उत्तर : पडणार नाही, त्यावर खर्च करू नये. ब्लूटूथवर गाणी ऐकताना आवाज एकाच दिशेने, पूर्ण दर्जाने जातो. मायक्रोफोन सुरू झाला की संगणक आणि इअरफोन दुहेरी संभाषणाच्या पद्धतीवर जातात, आणि तिथे आवाजाचे नमुने सेकंदाला जास्तीत जास्त १६ हजार, जुन्या उपकरणांत ८ हजार, एवढेच घेतले जातात व डावा-उजवा भेदही राहत नाही. एलई ऑडिओ या नव्या पद्धतीत ही अडचण दूर करण्याची सोय आहे, परंतु त्यासाठी इअरफोन, कार्ड, त्याचा ड्रायव्हर आणि विंडोज ११ या सगळ्यांनीच ती पद्धत स्वीकारलेली असावी लागते. आज आपल्यासाठी खात्रीचा मार्ग म्हणजे वेगळा यूएसबी मायक्रोफोन किंवा वेबकॅमचा मायक्रोफोन वापरणे आणि वर्गाच्या ॲपमध्ये बोलण्यासाठी तो व ऐकण्यासाठी इअरफोन असे निवडणे.

आवाज दबका होण्याऐवजी तुटत असेल तर यूएसबी ३ च्या पोर्टाला लावलेली बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी अँटेनापासून दूर ठेवून पाहावी. यूएसबी ३ च्या केबली आणि जोडण्या २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्ये गोंगाट पसरवतात, हे खुद्द इंटेलने २०१२ मध्ये मोजून प्रसिद्ध केले आहे. ब्लूटूथचा छोटा यूएसबी डोंगल वापरत असाल तर तोही अशा पोर्टाच्या शेजारी न लावता लहान एक्स्टेन्शन केबलने दूर घ्यावा. डोंगल वापरायचा तर कार्डावरचे ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावे. विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळते.

प्रश्न : घरी जोडलेल्या इंटेल संगणकावर मी मॅकओएस चालवतो. आयफोनशी एअरड्रॉपने फाइली देता-घेता याव्यात म्हणून ब्रॉडकॉमचे कार्ड बसवावे असे ऐकले. आज ते घेणे योग्य ठरेल का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आज घेऊ नये, असे माझे मत आहे. एअरड्रॉपमध्ये समोरचे उपकरण ब्लूटूथने शोधले जाते आणि फाइल थेट वायफायने जाते, आणि या दोन्हींसाठी ॲपलला आपल्या संगणकांत वापरलेलीच कार्डे अपेक्षित असतात. बीसीएम९४३६० हे ब्रॉडकॉमचे कार्ड जुन्या मॅकमध्ये होते, म्हणून ते घरी जोडलेल्या संगणकात बसवले की वायफाय, एअरड्रॉप आणि हँडऑफ (एका ॲपल उपकरणावरचे काम दुसऱ्यावर पुढे नेण्याची सोय) हे सर्व वेगळा ड्रायव्हर न टाकता चालत असे. २०२३ मध्ये आलेल्या मॅकओएस सोनोमातून ॲपलने या कार्डांचा आधार काढून टाकला, आणि तेव्हापासून प्रणालीच्या आतील फाइली बदलल्याशिवाय ती चालत नाहीत; तसे केल्याने प्रणालीचे संरक्षण कमी होते आणि प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर काम पुन्हा करावे लागते. इंटेलच्या कार्डांसाठी हौशी प्रोग्रामरांनी ड्रायव्हर तयार केले आहेत आणि त्यांनी वायफाय चालते, परंतु एअरड्रॉप चालत नाही. इंटेल प्रोसेसरवर चालणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस टाहो असेल असे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे, आणि ॲपलच्या परवान्यात ही प्रणाली केवळ ॲपलच्याच संगणकांवर वापरण्याची मुभा आहे. जुन्या काळातले कार्ड शोधून त्यावर पैसे घालण्याऐवजी त्या संगणकावर विंडोज किंवा लिनक्स ठेवावे आणि फाइलींसाठी घरच्या वायफायवरून चालणारे लोकलसेंड हे मोफत ॲप वापरावे. ते आयफोनवरही मिळते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. पुण्यात बाबांसाठी दोन वर्षांपूर्वी एएमडीचा संगणक जोडून दिला होता. पुढच्या फेरीत त्यांच्यासाठी इथून इंटेल बीई२०० हे वायफाय ७ चे कार्ड आणि राउटर न्यावा असा विचार आहे. बाबांचे काम व्हिडिओ कॉल, ब्लूटूथ स्पीकर आणि कीबोर्ड एवढेच आहे. — एक वाचक, अमेरिका

उत्तर : बीई२०० स्वतंत्र कार्ड असले तरी एएमडीच्या अनेक बोर्डांवर ते ओळखले जात नाही किंवा संगणक सुरूच होत नाही, असा अनुभव मोठ्या प्रमाणावर नोंदला गेला आहे, आणि या कार्डासाठी प्रोसेसर इंटेलचाच असावा असे इंटेल सांगते. शिवाय त्याचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी आहे. इतक्या दूर नेऊन ते चालले नाही तर बाबांना काही दिवस वायफायशिवाय बसावे लागेल, म्हणून हा धोका पत्करू नये.

आता राउटरविषयी. अमेरिकेने २०२० मध्ये ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा ६ गिगाहर्ट्झचा संपूर्ण पट्टा वायफायसाठी मोकळा केला. भारतात ५ गिगाहर्ट्झचे वायफाय बँड २०१८ मध्ये विनापरवाना झाले, आणि ६ गिगाहर्ट्झपैकी ५९२५ ते ६४२५ एवढ्या खालच्या भागासाठी दूरसंचार विभागाने नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. देशाप्रमाणे चॅनेल आणि शक्ती यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, आणि अमेरिकेत विकलेला राउटर तिथल्या मर्यादांप्रमाणे पक्का केलेला असतो, त्यामुळे राउटर पुण्यातच विकत घ्यावा. कार्डाच्या बाबतीत इंटेलची कार्डे आजूबाजूच्या राउटरांच्या संकेतांवरून देश ओळखून त्याप्रमाणे चॅनेल उघडतात, म्हणून कार्ड कुठून घेतले याने फारसा फरक पडत नाही.

बाबांच्या गरजा पाहता त्यांच्या संगणकाला एएक्स२१० पुरेसे होईल, आणि राउटर त्याच खोलीत किंवा शेजारच्या खोलीत असेल तर व्हिडिओ कॉलसाठी कॅट ६ ची नेटवर्क केबल टाकून घ्यावी. जागचा न हलणारा संगणक केबलवर असला की कॉल अडखळत नाही, आणि कार्डावर मग स्पीकर आणि कीबोर्ड यांचे ब्लूटूथ एवढेच काम उरते. आपण पुण्यात असतानाच दोन्ही उपकरणे पेअर करून द्यावीत, आणि एक तारेचा कीबोर्ड टेबलाच्या खणात ठेवून यावे. ब्लूटूथ कीबोर्ड बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये, सहसा चालत नाही, आणि कधी ड्रायव्हर बिघडला तर फोनवरून आपण सांगाल ते बाबांना टाइप करता आले पाहिजे.